नवे गुरुजी, नव्या बाई: एवढ्या चुका तरी टाळा

रुजू होऊन आठवडा होत नाही तोच फोन येतो. "बाई, चौथीची पोरं आहेत अन् जोडाक्षर वाचता येईना. आधीच्यांनी काय शिकवलंय कुणास ठाऊक!" यंदा असे तीन फोन आले. तिघांनाही मी एकच विचारलं, "किती पोरांच्या घरी जाऊन आलास?" तिघंही गप्प.

मला त्यांचंही कळतं. टीईटी, टीएआयटी या शिक्षक व्हायच्या परीक्षा झाल्या, पवित्र पोर्टलवर भरतीची यादी लागायची वाट बघण्यात वर्षं गेली. आता वर्ग हाती आलाय तर कधी एकदा शिकवतो असं होतं. पण पहिल्याच दिवशी पान नंबर एक उघडलं की बिघडायला सुरुवात झालीच समजा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गप्प बसणाऱ्या लेकराला मंद ठरवणं. ही मी स्वतः केलेली आहे. 2004 साल, शिक्षणसेवक म्हणून 3000 रुपये मानधन, परभणीत जिंतूरकडचा एक बंजारा तांडा, वर्ग पहिलीचा. रात्री जागून चित्रकार्डं रंगवली होती. आईचं कार्ड धरलं तर समोरच्या पट्टीवरची एक पोरगी उत्साहानं ओरडली, "याडी!" मी म्हटलं, "चूक. आई." मग भाकरीचं कार्ड. "बाटी!" "चूक. भाकरी म्हण." तिसऱ्या कार्डाला तिनं मान खाली घातली. नंतर दिवाळीपर्यंत ती माझ्या वर्गात एक शब्द बोलली नाही, आणि मी शहाणी, तिच्या नावापुढं 'प्रतिसाद नाही' असं लिहून मोकळी!

खिचडी शिजवणारी मावशी त्याच तांड्यावरची. एकदा पातेलं ढवळता ढवळता म्हणाली, "बाई, घरी ह्या पोरीचं तोंड बंद होत नाही. तुमचं बोलणं कळंना तिला." पोरीनं दोन्ही उत्तरं बरोबर दिली होती, फक्त गोरमाटीत, तांड्यावरच्या बंजारा बोलीत. त्या संध्याकाळी मावशीजवळ बसून मी कार्डांच्या मागच्या बाजूला तिचे शब्द लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी आधी मागची बाजू, मग पुढची. पोरीला बोलतं व्हायला तरी संक्रांत उजाडली.

तेव्हापासून नवीन गावात पहिले पंधरा दिवस मी पुस्तक उघडत नाही. एक वही करते, त्यात पोरांच्या घरचे शब्द. देगलूर-धर्माबादकडं तेलुगू कानावर पडेल, कुठं दखनी उर्दू. अगदी मराठी घरातलं पोरगं "मी जेवायलोय" म्हणालं तर लगेच "जेवतोय म्हण" करू नका. तुमच्या डी.एड.च्या बाईंची मराठी त्याच्या घरात कुणी बोलत नाही. आधी त्याला पोटभर बोलू द्या, पुस्तकातलं वाक्य नंतर शेजारी लिहून दाखवा.

छडीबद्दल बोलायचीही गरज पडू नये. 2009 च्या आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्याचं, पोरांना मारायला मनाई करणारं कलम 17 वाचा आणि छडी चुलीत घाला.

रोजच्या पाठाचं टाचण व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवू नका. शाळा बघायला येणाऱ्या केंद्रप्रमुखांनी ते सकाळीच दुसऱ्या शाळेत वाचलेलं असतं. चार ओळी लिहा, पण स्वतःच्या लिहा.

पोषण आहाराचं रजिस्टर रोजच्या रोज भरा. महिनाअखेरीला तांदळाचा हिशोब जुळवत बसलेले गुरुजी मी पाहिलेत. त्यांच्या वर्गातली पोरं त्या दिवशी ग्राउंडवर असतात.

अप-डाउन करू नका असं मी म्हणणार नाही. शिक्षणसेवकाच्या 16000 मानधनात 3 वर्षं काढायची म्हणजे ज्याला जिथं परवडेल तिथं त्यानं राहावं. पण सव्वापाचच्या गाडीसाठी पावणेपाचला दप्तरं भरायला लावता, ते पोरांना कळतं बरं का.

आता दुसरी मोठी चूक. ही बीडकडची, धारूर-वडवणी-केजची. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला एकेक बैलगाडी, ट्रॅक्टर गावातून निघतो, आईबापासोबत पोरंही जातात आणि वर्ग अर्धा होतो. नवीन माणूस घाबरतो, मग चिडतो. माझ्या ओळखीच्या एका पोरानं टोळी निघायच्या दिवशी बापाला रस्त्यात अडवून सुनावलं, "लेकराचं वाटोळं करायलात तुम्ही." बाप खाली बघत म्हणाला, "सर, पैशाची उचल घेतलीय. पोराला कुणापाशी ठेवू?" बरोबरच होतं त्याचं. ज्या दिवशी ट्रॅक्टर भरतो त्या दिवशी तुमच्या हातात काहीच उरलेलं नसतं.

हे काम पोळ्याला सुरू करायचं. कोण जाणार, आजी मागं राहणार का, हे घरोघर विचारायचं. आजी राहणार असेल तर अर्धं काम झालं. नाहीतर मागं राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत द्या, दिवाळीनंतर नव्हे. जाणारच असेल तर टोळीच्या मुकादमाचा नंबर घ्या, कारखाना कोणता ते लिहून ठेवा, तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड बापाच्या हातात द्या. अन् पटावरून नाव कमी करायची घाई करू नका. कागद नीट होतो, पण पोरगं परत आल्यावर त्याला बसायला जागा राहत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परततात, तेव्हा वर्ग भागाकारावर पोचलेला असतो अन् हे पोरगं हातच्याच्या बेरजेवर. त्याला भागाकारात ढकलू नका. माझी एक सवय आहे. जाणाऱ्या प्रत्येक पोराची वही मी माझ्या कपाटात ठेवून घेते, शेवटच्या गणिताच्या पानात खूण घालून. परत आलं की आधी ती वही त्याच्या हातात. ते पान उघडतं, स्वतःचं अक्षर बघतं, कधी कधी बोटं मोजत जुनंच गणित पुन्हा करून पाहतं. त्याच्या पुढचं गणित त्याच पानावर द्यायचं.