स्प्रिंगच्या एअर रायफलवर टिकणारा स्वस्त स्कोप

स्कोपचं, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीचं, दुकान गाठायच्या आधी आपली रायफल कोणती ते बघा. हवेची टाकी असलेली पीसीपी असेल तर धक्का नावापुरताच असतो, त्यामुळे कुठलाही बरा स्कोप चालून जातो. नळी मोडून कॉक करायची स्प्रिंगची रायफल असेल तर गोष्ट वेगळी. मोठ्या बंदुकीवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोप हिच्यावर थोड्याच दिवसांत खुळखुळायला लागतो.

कारण आहे धक्क्याची दिशा. ठासणीच्या बंदुकीचा धक्का दांडगा असतो, पण तो एकाच बाजूला, खांद्याकडे. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन सुटला की रायफल आधी मागे येते आणि पिस्टन सिलिंडरच्या टोकाला थांबला की पुढे हिसका खाते. नेहमीच्या स्कोपमधली भिंगं मागे येणारा धक्का सोसतील अशी बसवलेली असतात. पुढच्या हिसक्यानं ती आणि क्रॉसहेअर (नेमाची फुली) दोन्ही हलतात. म्हणून खोक्यावर ‘स्प्रिंग एअरगनसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. नुसतं ‘शॉकप्रूफ’ लिहिण्याला काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट पॅरॅलॅक्सची, म्हणजे डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसतो त्याची. शिकारीचे बहुतेक स्कोप १०० यार्डांना जुळवलेले असतात. तसा ४० मिमी भिंगाचा स्कोप १० मीटरवर वापरला आणि डोळा पार कडेला गेला, तर नेम दीड सेंटीमीटरहून जास्त चुकू शकतो. म्हणून पुढच्या भिंगाची रिंग फिरवून १० यार्डांपर्यंत जुळवता येणारा, म्हणजे ‘एओ’ लिहिलेला स्कोप हवा. तपासायला सोपं आहे. रायफल उशीवर ठेवा, हात न लावता डोळा वर-खाली हलवा. क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकताना दिसला तर रिंग अजून जुळलेली नाही.

मोठं मॅग्निफिकेशन म्हणजे भारी स्कोप, असं नाही. २५ मीटरच्या आतल्या कामाला ४×३२, म्हणजे चौपट मोठं दाखवणारा ३२ मिमी भिंगाचा, पुरतो. त्यात झूमचे हलते भाग नसतात, त्यामुळे बिघडायलाही कमी. ३-९×४० एओ घ्यायला हरकत नाही, फक्त स्वस्तातला ६-२४ टाळा. त्याच पैशांत जास्त भिंगं कोंबली की काहीतरी हलकं येणारच. रायफलीबरोबर फुकट मिळणारा पाऊण इंची नळीचा ४×२० तर खेळण्यातलाच समजा. लाल-हिरव्या दिव्याचे पैसे वाचवा आणि माउंटला, म्हणजे स्कोप रायफलीवर धरून ठेवणाऱ्या पकडीला, घाला.

माउंट हा खरा घोळ. रायफलीवरची खाच व्हर्निअरनं मोजा. साधारण ११ मिमी असेल तर डव्हटेल, २१ च्या आसपास असेल तर वीव्हर किंवा पिकॅटिनी. एकाच तुकड्याचं माउंट घ्या आणि त्याला खाली स्टॉप पिन हवीच, रायफलीवरच्या भोकात अडकणारी. पिन नसेल तर प्रत्येक छऱ्यागणिक माउंट थोडंथोडं मागे सरकतं आणि आपण दोष स्कोपला देत बसतो. पिन भोकात बसत नसेल तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर घासून घेता येते.

दुकानातच एक चाचणी करा. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या दोन बाजूंना इंग्रजी व्हीसारख्या खाचा कापा, त्यात स्कोप ठेवून गोल फिरवा. क्रॉसहेअरचं मध्य एका जागी फिरलं पाहिजे. मोठं वर्तुळ काढत असेल तर दोन्ही टरेट (नेम वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवायच्या घुंड्या) मधोमध आणून पुन्हा बघा.

बसवताना माउंटच्या रिंगांच्या आतली ग्रीस स्पिरिटनं पुसा. स्कोप पुढे-मागे करून डोळा साधारण ८ सेंटीमीटरवर आल्यावर पूर्ण चित्र दिसेल अशी जागा धरा. क्रॉसहेअर सरळ करायला गवंड्याचा ओळंबा घ्या. तो १० मीटरवर टांगा, रायफल सपाट ठेवा आणि उभी रेघ दोरीवर बसवा. स्क्रू आलटून-पालटून, तिरप्या क्रमानं आवळा. आलन कीचा लांब दांडा स्क्रूत आणि आखूड टोक दोन बोटांत, एवढाच जोर पुरे. जास्त आवळलं की नळी चेपते. मग व्हाइटनरची बारीक रेघ माउंट आणि रायफल दोन्हींवर एकसलग ओढा. रेघ तुटली की माउंट सरकलं.

पहिले पाच छर्रे ५ मीटरवरून मारा. इथे दीड-दोन सेंटीमीटर खाली लागणं बरोबर आहे, कारण स्कोप नळीच्या सुमारे ४ सेंटीमीटर वर असतो. मग १० मीटरवर या. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) टरेटचा एक क्लिक तिथे ०.७३ मिमी हलवतो, म्हणजे ३ सेंटीमीटरला ४१ क्लिक. त्यानंतर चौकोनाची चाचणी: एक छर्रा मारा, ४० क्लिक उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे, ४० वर, दर खेपेला नेम त्याच ठिपक्यावर धरून एक छर्रा. पाचवा पहिल्याच्या जागी आला नाही तर स्कोप परत करा. पुढचा दस्ता घट्ट धरू नका, तळहातावर नुसता टेकवा. आवळलेल्या हातात स्प्रिंगची रायफल दर वेळी वेगळी उडते.

वरचा टरेट संपत आला तरी छर्रे खालीच लागतात? नळी मोडायच्या रायफलींत नळी बऱ्याचदा किंचित खाली झुकलेली असते. टरेट टोकाला नेऊन भागवू नका, आतली स्प्रिंग ढिली पडते आणि नेम भटकतो. मागच्या रिंगखाली शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी घाला. एक-दोन पुरतात, त्यापुढे उताराचं माउंटच घ्यावं लागेल.

ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या छऱ्यांचे झुबके, अचानक फाकले तर लगेच स्कोप काढू नका. आधी दस्त्याचे स्क्रू, मग व्हाइटनरची रेघ, मग छर्रे बदलून बघा. शेवटी स्कोप उतरवून उघड्या माशीवर, म्हणजे रायफलीच्या स्वतःच्या साध्या नेमावर, पाच मारा. तिथे ग्रुप जमला तरच दोष स्कोपचा.

पोरगं स्पर्धेच्या तयारीत असेल तर मात्र हे सगळं सोडा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) १० मीटर एअर रायफलला दुर्बीण चालत नाही. पॅरिसला २०२४ मध्ये कांस्य जिंकणाऱ्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचा ५० मीटरचा नेमही पीप साइटवरचाच, म्हणजे बारीक भोकातून धरलेला. तिथे स्कोपचे पैसे चांगल्या पीपला घाला.

पावसाळ्यात नायट्रोजन भरलेला स्कोपच घ्या, नाहीतर जुलैत आतून धुकं धरतं आणि पुढे भिंगावर बुरशी येते. रायफल पेटीत ठेवताना सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि दर महिन्याला त्यातले दाणे तव्यावर मंद आचेवर चांगले तापवून, ओलावा उडाला की पुन्हा वापरा.