खोली देण्याआधी

पार्ल्याच्या घरातली मागची खोली आईने एका नोकरी करणाऱ्या मुलीला दिली, तेव्हा अकरा महिन्यांचा करार नोटरी करून घेतला आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. त्या कागदाला कायद्याचं बळ नव्हतं, हे वर्षभराने कळलं. म्हणून कुणी खोली द्यायची म्हटलं की आता मी आधीच सगळं सांगते.

पहिल्यांदा घराचे कागद काढा. मालकीचा फ्लॅट असेल तर पुढे जा. पागडीची खोली असेल तर तिथे तुम्ही स्वतःच भाडेकरू आहात. घरमालकाच्या संमतीशिवाय कुणाला ठेवलंत तर तुमचीच खोली जाऊ शकते. गिरगाव-लालबागकडच्यांनी इथे खरंच थांबावं.

मग येणारा माणूस कायद्याने कोण, ते ठरवा. तुम्ही त्याच घरात राहून एखादी खोली देता तेव्हा तो पेइंग गेस्ट. ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी दिली, तर लायसन्सी. भाडेकरूचा मात्र जागेवर हक्क तयार होतो आणि कायद्यातल्या कारणांशिवाय त्याला उठवता येत नाही. मुंबईतली जुनी माणसं याला घाबरतात ते उगाच नाही: १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहणारे कायद्यातल्या दुरुस्तीने भाडेकरू झाले होते.

कराराला काय नाव दिलं एवढ्यावर भागत नाही. व्यवहार खरा कसा आहे ते बघावं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच म्हटलंय. त्यात जागेचा ताबा कुणाकडे, याला फार महत्त्व. आमच्या मागच्या खोलीला जिन्याकडे उघडणारं वेगळं दार होतं आणि त्याची एकुलती एक चावी त्या मुलीकडे. आता दुसरी चावी आईच्या देवघरातल्या खिळ्यावर असते, आणि ताबा मालकाचाच राहील, असं करारात स्पष्ट लिहिलेलं असतं.

करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. ती केली नाही तर अटींबद्दल समोरचा सांगेल ते खरं धरतात, उलट सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खर्च बघा: महिना २०,००० आणि डिपॉझिट एक लाख असेल, तर अकरा महिन्यांचं मुद्रांक शुल्क पाव टक्क्याने सहाशेच्या आत, नोंदणी फी १,०००. आधार आणि अंगठा देऊन हे घरबसल्या होतं.

राहायला येणाऱ्याची माहिती देणारा पोलिसांचा ऑनलाइन फॉर्म भरा, सोसायटीला लेखी कळवा. पंखा, गीझर, मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढून ठेवा.

मुदत संपायच्या महिनाभर आधीची तारीख कालनिर्णयवर लिहा. मुदत वाढवायची तर नवा करार, नवी नोंदणी. मुदत संपूनही लायसन्सी गेला नाही तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते. वीज-पाणी तोडू नका, सामान बाहेर काढू नका, रागात कुलूप बदलू नका.