टाकीचा गंज काढताना या चुका टाळा

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, केज, वडवणीकडची माणसं ऊसतोडीला निघतात आणि मोटारसायकल घरी पत्र्याखाली उभी राहते. पाच-सहा महिन्यांनी किक मारली की गाडी वेशीपर्यंत जाते आणि झटके देत बंद पडते. कार्बोरेटर साफ केला तरी आठ दिवसांनी पुन्हा तेच, कारण कचरा वरून टाकीतून येतोय. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्यानं आतून पाणी सुटतं. त्यात इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरून ठेवतं, आणि टाकी आतून गंजते.

टाकी उतरवताना घाई नडते. गाडी मोकळ्या हवेत घ्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पेट्रोल कॅनमध्ये उतरवून घ्या. आसपास चूल, बिडी काही नको. पेट्रोलकाट्याची वायर ओढू नका, क्लिप दाबून सोडवा. कॉक (पेट्रोलचा नळ) आणि फ्लोट (काट्याचा तरंगा) काढून ठेवा, नाहीतर त्यांची रबरं आंबट पाण्यात खराब होतील. फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर पंप टाकीतच असतो. ती घरी उघडू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे संडासचं ॲसिड ओतणं. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं, मग सांध्यातून पेट्रोल पाझरायला लागतं. पाझरणाऱ्या टाकीला तशीच वेल्डिंग करायला नेऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफच भडका घेते, त्यात जीव जाऊ शकतो.

किराणा दुकानातलं लिंबूसत पुरतं. लिटरभर कोमट पाण्याला 50 ते 100 ग्रॅम, कॉक-फ्लोटची भोकं बंद करून टाकी काठोकाठ भरा आणि रात्रभर ठेवा. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. पापुद्रे जाड असतील तर नटबोल्ट टाकून हलवा, पण आत टाकताना मोजा आणि काढतानाही मोजा.

इथवर बहुतेकांचं बरोबर होतं. माझंही झालं होतं. टाकी आतून पांढरी निघाली, पाण्यानं धुतली, उन्हात उलटी ठेवली आणि जेवायला गेलो. परत येऊन टॉर्च मारला तर आत पुन्हा तांबूस थर. उघडा पडलेला पत्रा ओला राहिला की तासाभरात गंजतो, आपल्याकडचं ऊन कितीही कडक असलं तरी. म्हणून आंबट पाणी काढल्या काढल्या खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, एकदा साध्या पाण्यानं, आणि लगेच कॉम्प्रेसरची हवा मारा. कोपऱ्यात, सांध्यात ओल राहते. तिथं जास्त वेळ द्या. पूर्ण कोरडी झाली की पाव लिटर पेट्रोलात थोडं इंजिन ऑइल घालून टाकी सगळ्या बाजूंनी फिरवा. हे सगळं एका बैठकीत व्हायला हवं. सकाळी वेळ नसेल तर आदल्या रात्री लिंबूसत ओतूच नका.

फिल्टर नवाच बसवा. पहिल्या आठवड्यात तो एकदा उघडून बघा.

पुढच्या दसऱ्याला निघताना टाकी गळ्याच्या जरा खालपर्यंत भरा, कॉक बंद करा आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरही रिकामा होईल.