टीव्ही भिंतीवर चढवण्याआधी

शनिवारी आमच्याकडे ५५ इंची टीव्ही येतोय. आधीचा ४३ इंची होता. तो अकरा आठवडे भिंतीवर टिकला आणि बाराव्या आठवड्यात दिवाणावर आला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी मेथी निवडत मालिका बघतात, म्हणून मी हौसेने पुढे ओढता येणारा, वळणारा स्टँड घेतला होता. त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखा टीव्ही ओढून आपल्याकडे वळवला. दोन मिनिटांत भिंतीतून चाळणीतून पीठ पडावं तशी भुकटी गळायला लागली. "अगं, हे काय गळतंय बघ," असं त्या म्हणेपर्यंत चारही स्क्रू गिट्ट्यांसकट (स्क्रू पकडायला भोकात ठोकतात त्या प्लास्टिकच्या नळ्या) बाहेर आले होते. दुपारी त्याच दिवाणावर माझा भाचा झोपतो. तेव्हा तो शाळेत होता. बाकीचं काय सांगू.

चूक कोणाची? माझी. टीव्ही लावायला आलेल्या मुलाने ड्रिल हातात घेऊन विचारलं होतं, "ताई, भिंत विटेची ना?" आणि मी चहाचा कप पुढे करत "हो" म्हणाले. मला काहीही माहीत नव्हतं. भिंत म्हणजे विटेची, एवढंच माझं ज्ञान. म्हणून ही यादी मुख्यतः माझ्यासाठी आहे. दिवाळीच्या ऑफरमध्ये टीव्ही घेणाऱ्या कोणाला उपयोग झाला तर झाला.

खरेदीबद्दल फार बोलत नाही, ते सगळे बोलतात. फक्त टेप घेऊन भिंत मोजा. ५५ इंच हे तिरकं माप असतं. प्रत्यक्षात रुंदी साधारण ४८ इंच आणि उंची २७ इंच. कोचापासून भिंतीचं अंतर सहा-सात फूट असेल तर फोर-के (4K) पडद्यासाठी ५५ इंच ठीक. त्याहून जवळ बसून केबलचे साधे चॅनल बघायचे असतील तर सगळ्यांचे चेहरे पुसट दिसतील आणि तुम्ही टीव्हीला नावं ठेवाल.

जागा ठरवताना वर बघा. वर स्प्लिट एसी असेल तर त्याखाली टीव्ही नको. एसीची पाण्याची नळी कधी ना कधी तुंबते आणि पाणी भिंतीवरून खाली येतं. समोर खिडकी नको, दुपारी पडद्यात फक्त खिडकीच दिसते. पावसाळ्यात जी भिंत ओल धरते, तीही नको.

आणि उंची! लावणारी मंडळी टीव्ही देवाच्या तसबिरीसारखा वर टांगतात. आपण कोचावर बसलो की डोळे जमिनीपासून सुमारे साडेतीन फुटांवर येतात. पडद्याचा मधला भाग तिथे हवा. म्हणजे ५५ इंचीची खालची कड जेमतेम अडीच फुटांवर. "एवढा खाली?" असं घरातले सगळे म्हणतील. म्हणू द्या. वर्तमानपत्रं जोडून तेवढ्या आकाराचा कागद भिंतीला चिकटवा, दोन दिवस राहू दे, मग ठरवा.

आता भिंत.

भिंत कसली आहे ते आधी शोधा. टीव्ही घरी येण्याआधी शोधा. लावणारा माणूस दारात उभा असताना शोधायची ही गोष्ट नाही, कारण त्याला त्या दिवसात अजून सहा घरं करायची असतात आणि तुम्ही "हो" म्हटलंत की तो सुटतो.

गेल्या काही वर्षांत बांधलेल्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा लाल विटेच्या नसतात. त्या राखाडी-पांढऱ्या, हलक्या, आत बारीक बुडबुडे असलेल्या ब्लॉकच्या असतात. गवंडी त्यांना एएसी ब्लॉक म्हणतात. वजनाला तेवढ्याच आकाराच्या विटेच्या निम्म्याहूनही कमी. बिल्डरला ते सोयीचे, इमारतीवरचा भारही कमी होतो, तक्रार करण्यासारखं काही नाही. पण विटेसाठी असलेली साधी प्लास्टिकची गिट्टी त्यात फुगून बसते तेव्हा आजूबाजूचं पीठ होतं. पहिल्या दिवशी घट्ट वाटते. ओढ पडत राहिली की भोक हळूहळू मोठं होतं. आमच्याकडे त्याला अकरा आठवडे लागले.

ओळखायचं कसं? आधी बोटांच्या पेरांनी ठोका. विटेची किंवा काँक्रीटची भिंत पेरांना लागते, आवाज भरीव येतो. ब्लॉकच्या भिंतीचा आवाज थोडा पोकळ, मऊ. जिप्समचं पार्टिशन ढोलकीसारखं वाजतं, त्यात लपण्यासारखं काही नसतं. पण प्लास्टर जाड असेल तर कान फसतात. खरी परीक्षा पुडीची. टीव्हीमागे झाकली जाईल अशा ठिकाणी एक बारीक भोक पाडायला सांगा आणि खाली पांढरा कागद धरा. पहिला अर्धा इंच सोडून द्या, ती प्लास्टरची वाळू असते. त्यानंतर काय पडतं ते बघा. विटकरी लाल पूड म्हणजे वीट. टाल्कम पावडरसारखी फिकट पूड आणि ड्रिल लोण्यात जावं तसं आत गेलं, तर ब्लॉक. राखाडी पूड आणि ड्रिल किंचाळतंय, पुढे सरकत नाही, तर काँक्रीट. मिवान पद्धतीच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती ओतून बांधलेल्या टॉवरमध्ये जवळपास सगळ्या भिंती काँक्रीटच्या असतात. तिथे हॅमर ड्रिल आणि संयम लागतो, पण पकड उत्तम मिळते.

लाल पुडीवरही लगेच विश्वास टाकू नका, हे माहेरच्या अनुभवाने सांगते. कोकणात आमचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं. जांभ्याची पूडसुद्धा लालच, पण दगडात जागोजागी पोकळ्या. एक गिट्टी घट्ट बसते आणि चार बोटांवरची दुसरी गरागरा फिरते. तिथे वडिलांनी टीव्ही सरळ टेबलावर ठेवला. आम्ही हसलो होतो. त्यांचा टीव्ही अजून चालू आहे.

ब्लॉकची भिंत निघाली तर काय? घाबरायचं नाही, पण साध्या गिट्टीला ठाम नाही म्हणायचं. ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, नुसतं फिरवून भोक पाडायचं, नाहीतर आत खड्डा होतो. भोकातली पूड फुंकून, ब्रशने काढून टाकायची. ब्लॉकसाठीच बनवलेल्या लांब नायलॉनच्या गिट्ट्या मिळतात, त्या वापरायच्या किंवा केमिकल अँकर (भोकात भरून घट्ट होणारं रसायन) भरायचा. दुसरा उपाय म्हणजे भिंतीवर आधी पाऊण इंची प्लायची फळी आठ-दहा ठिकाणी पक्की करून तिच्यावर स्टँड बसवायचा. भार वाटला जातो. आम्ही या वेळी भिंतीतून आरपार बोल्ट घालून पलीकडे लोखंडी पट्टी लावणार आहोत. पलीकडे आमच्याच बेडरूमचं कपाट आहे, त्यामुळे पट्टी दिसणार नाही. शेजाऱ्यांशी सामाईक भिंत असेल तर हा उपाय विसरा. जिप्समचं पार्टिशन असेल तर आतल्या पत्र्याच्या उभ्या पट्ट्या किंवा मागचं प्लाय सापडल्याशिवाय काहीही टांगू नका.

आणि वळणारा स्टँड. टीव्ही १५ किलोचा धरा. भिंतीला चिकटून असला की भार मुख्यतः खालच्या दिशेला जातो. तोच ४० सेंटिमीटर पुढे ओढला आणि वरच्या-खालच्या स्क्रूंमध्ये २० सेंटिमीटर अंतर असलं, तर वरच्या स्क्रूंना बाहेर खेचणारा जोर होतो ३० किलोच्या आसपास. रोज संध्याकाळी, एका मालिकेसाठी. नवऱ्याने हे गणित कागदावर मांडून दाखवलं. पडल्यानंतर, अर्थातच. या वेळी स्थिर स्टँड. सासूबाईंसाठी मेथी निवडायची जागा हलवली आहे, त्यांना ते मंजूर नाही.

स्टँड घेताना टीव्हीच्या मागच्या चार भोकांमधलं अंतर बघा. त्याला वेसा माप म्हणतात: २०० बाय २००, ४०० बाय २००, असं मिलिमीटरमध्ये. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. तिथले स्क्रू बरोबर लांबीचेच हवेत. जास्त लांब स्क्रू आतून पॅनलला टेकतो, आखूड असला तर दोन आट्यांवर सगळा टीव्ही लोंबतो. स्टँडवर किती किलोपर्यंत चालेल ते छापलेलं असतं. पण तो आकडा स्टँडचा, भिंतीचा नाही. भिंतीचा आकडा कुठेही छापलेला नसतो. म्हणून पुन्हा सांगते, पूड बघा.

भोक पाडताना स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल घालू नका. लपवलेल्या वायरींचे पाइप साधारण याच रेषांतून जातात. पलीकडे बाथरूम असेल तर पाण्याचा पाइपही असू शकतो. ड्रिल सुरू करण्याआधीच त्या भागाचा एमसीबी खाली पाडा आणि मशीन दुसऱ्या खोलीतल्या प्लगवरून घ्या.

टीव्ही दारात आला की खोका उभाच ठेवा, लिफ्टमध्येही आडवा करायचा नाही. खोलताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. टांगण्याआधी उभा धरून चालू करून बघा, कारण फुटलेला पॅनल वॉरंटीत बसत नाही आणि "आधीच फुटलेला होता" हे नंतर कोणी ऐकत नाही. उचलताना दोघं, हात कडांना, पडद्याला नाही. खोका आणि थर्माकोल महिनाभर ठेवा, माळ्यावर जागा नसली तरी.

वीज. टीव्हीच्या प्लगला बहुतेकदा दोनच पिना असतात, म्हणून अर्थिंगकडे कोणी बघत नाही. पण स्पाइक गार्ड (विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणारा बोर्ड) लावणार असाल तर त्याला चांगलं अर्थिंग लागतं. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. इलेक्ट्रिशियनकडून मीटरने तपासून घ्या: फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जवळजवळ काही नाही. टीव्हीच्या मागे १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर शहरात स्टॅबिलायझरची सहसा गरज नाही. गावाकडे व्होल्टेज त्याच्याही वर चढत असेल तर घ्या. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, वायफाय एका एक्स्टेन्शनवर चालतं. त्यावरच इस्त्री लावू नका.

वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात रिमोटने बंद करणं पुरत नाही. प्लग काढा, डिशची केबल काढा, इंटरनेटची वायर काढा. माहेरी शेजाऱ्यांचा प्लग काढलेला होता, डिशची केबल राहिली होती, टीव्ही गेला. हे सगळं गडगडाट सुरू होण्याआधी करायचं. डोक्यावर विजा कडाडत असताना केबलला हात लावायचा नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अ‍ॅप आसपासच्या विजांची सूचना देतं, ते मोबाइलवर असू दे.

भिंतीचा भरवसा वाटत नसेल तर टेबलावर ठेवा. लाज कसली. मात्र टेबल टीव्हीपेक्षा रुंद हवं, मागून पट्ट्याने टीव्ही भिंतीला किंवा टेबलाला बांधायचा, आणि टीव्हीवर रिमोट, खेळणी, चॉकलेट असं मुलांना वर चढावंसं वाटेल असं काही ठेवायचं नाही. पट्टा भिंतीला बांधणार असाल तर तिथेही भिंत कसली आहे ते... समजलं ना.

पुढचं भराभर. सुरुवातीला टीव्ही विचारतो दुकान की घर. 'घर' निवडा, नाहीतर पडदा डोळ्यांवर टॉर्च मारतो. सिनेमे मालिकेसारखे गुळगुळीत दिसत असतील तर मोशनची सेटिंग बंद करा. साउंडबारची केबल 'एआरसी' लिहिलेल्या एचडीएमआय भोकातच. तुम्ही काय बघता त्याची नोंद पाठवण्याची परवानगी मागतो, नाही म्हणा. मागे चार बोटं हवा खेळायला जागा, नाहीतर गरम होतो. पाली तशाही उबेला येतातच. पुसायला मऊ कोरडं फडकं, बंद करून. काचेचा निळा स्प्रे नको. छोट्या रिमोटमधला बटणासारखा चपटा सेल मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर ताबडतोब दवाखाना. जुना डब्याचा टीव्ही असेल तर मागून उघडू नका, बंद असला तरी आत झटका शिल्लक असतो. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

अजून काहीतरी राहिलं असेल. मला आता हार्डवेअरच्या दुकानात जाऊन आरपार जातील असे बोल्ट आणायचेत, आणि भिंतीची जाडी मोजायची राहिली आहे.