द ब्रीचं चित्र हातात आलं की

कोलंबस किनाऱ्यावर उतरलाय आणि तिथले लोक त्याला सोन्याचे दागिने देतायत, हे चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलंच असेल. थिओडोर द ब्री या कोरक-प्रकाशकाने तांब्याच्या पत्र्यावरून फ्रँकफर्टला १५९४ साली छापलेलं. त्याच्या एका ‘अस्सल’ पानाला मी आठ हजार मोजले आणि घरी येऊन भिंग लावलं, तर रेषांच्या जागी सगळे ठिपके, म्हणजे आधुनिक छपाईची नक्कल! महिनाभर ते पान बघवत नव्हतं. म्हणून आधी भिंग, मग पैसे.

तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली रेष भिंगाखाली सलग दिसते, टोकाला निमुळती होते. चित्राभोवती पत्र्याच्या कडेची दबलेली चौकट बोटाला लागते, पण नुसत्या तिच्यावर भुलू नका. ती मुद्दाम उठवताही येते. पान उजेडासमोर धरा. हातकागदाच्या साच्यातल्या तारांच्या समांतर खुणा दिसायला हव्यात. खालचा मजकूर मात्र खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी, वेगळा छापलेला, म्हणून पानाची पाठ चाचपून पाहा, अक्षरांचे उठाव लागतात. रंग दिसला तर तो छपाईतला नव्हे, नंतर हाताने भरलेला. लिन्सखोटेन या डच प्रवाशाची गोव्याची चित्रंही याच घराण्याने पुढे कोरून छापली, त्यांनाही हीच तपासणी लावा.

पान अस्सल ठरलं तरी त्यातलं सगळं खरं ठरत नाही. द ब्री अमेरिकेला कधी गेलाच नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाची चित्रं त्याने १५९० साली, तिथे जाऊन आलेल्या जॉन व्हाइट या इंग्रज चित्रकाराच्या जलरंगांवरून केली. ते जलरंग ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, संकेतस्थळावर बघायला मिळतात. दोन्ही शेजारी ठेवा. पोमेयॉक गावची बाई आणि तिची मुलगी घ्या. व्हाइटच्या चित्रात त्यांच्यामागे कोरा कागद आहे. द ब्रीने पाणी आणि होड्या घातल्या, मुलीच्या हातात खुळखुळा दिला. बाहुली मात्र मुळातलीच, इंग्लंडहून आलेली, तिथल्या बायकांसारखा पेहराव केलेली. कोवळ्या हातातली ती परकी बाहुली पाहून मला गलबलून येतं.

कोलंबसाच्या चित्रातही दागिन्यांवरून नजर काढा आणि कडेकडेने फिरवा. डावीकडे त्याची माणसं क्रूस उभा करतायत. आणि लांब मागे, जहाजं पाहून पळत सुटलेले लोक, नखाएवढे. माझं भिंग तिथेच सगळ्यात जास्त वेळ थांबतं.