सेफ्टी प्लॅन करताना या चुका टाळा

आत्महत्येचे विचार घेऊन इमर्जन्सीत आलेल्या माणसाला घरी सोडण्याआधी सेफ्टी प्लॅन, म्हणजे असे विचार पुन्हा आले तर काय करायचं याची लेखी यादी, करायचा असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांच्या पद्धतीत त्याच्या सहा पायऱ्या आहेत: धोक्याच्या खुणा, स्वतःला सावरण्याचे उपाय, लक्ष दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल असे जवळचे लोक, डॉक्टर व हेल्पलाइन, आणि घर सुरक्षित करणं, म्हणजे घातक साधनं दूर ठेवणं. कागद एकच पानाचा, म्हणून तो घाईत उरकला जातो.

फॉर्म हातात देऊन 'भरा' म्हणू नका, आणि स्वतःही भरून टाकू नका. 'नैराश्य वाढल्यास' ही आपली भाषा. मध्यरात्री त्याला ती काय कामाची? 'कुणाचा फोन घ्यावासा वाटत नाही, तेच तेच डोक्यात फिरतं' असं तो म्हणाला असेल, तर तेच लिहा. शेजारी बसा, या वेळी काय काय घडत गेलं ते क्रमाने सांगू द्या. खुणा त्यातच सापडतात. अर्धा तास लागतो, गर्दीतही तो काढावाच लागतो. प्रत्येक उपायावर विचारा, 'हे जमेल का? आड काय येईल?' रात्री घराबाहेर पडता येत नसेल, तर 'फिरायला जाईन' ही ओळ खोडा.

'जिवाचं बरंवाईट करणार नाही' अशी सही घेऊ नका. त्याने जीव वाचतो असा पुरावा नाही. उलट पेशंट पुढे खरं सांगायला कचरतो.

अनेकदा वगळली जाते ती सहावी पायरी, कारण विचारायला अवघड वाटतं. थेट विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. तीव्र ऊर्मी बहुधा काही वेळाने ओसरते आणि तेवढा वेळ साधन हाताशी नसणं जीव वाचवतं. 'काळजी घ्या' एवढ्याने भागत नाही. घरातली जादा औषधं आज कोण ताब्यात घेणार, हे पेशंटच्या संमतीने नातेवाइकाला बसवून ठरवा.

पेशंट प्लॅनमध्ये सहभागीच होत नसेल, तर कागद पूर्ण करून डिस्चार्ज देऊ नका. मानसोपचारतज्ज्ञांना बोलवा.

डिस्चार्जनंतर फोन न करणं हीसुद्धा चूकच. अमेरिकेत माजी सैनिकांच्या नऊ रुग्णालयांतल्या इमर्जन्सी विभागांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. प्लॅन आणि पाठपुराव्याचे फोन मिळालेल्यांमध्ये सहा महिन्यांत आत्मघातकी वर्तन सुमारे 45 टक्के कमी दिसलं. तिथे पहिला फोन 72 तासांत व्हायचा. फोनवर प्लॅन समोर घ्यायला सांगा. सापडत नसेल, तर ओळी पुन्हा वाचून दाखवा आणि मोबाइलमध्ये उतरवून घ्यायला लावा.