पॉम्पेई बघायला जाताना: पुरातत्त्व जाणणाऱ्या गाईडबरोबरचा दिवस कसा आखावा

पॉम्पेईत शिरलेले बरेच पर्यटक तीन-चार तासांनी बाहेर येतात, तेव्हा त्यांच्या लक्षात राहिलेलं असतं ते ऊन, तंगडतोड आणि एकसारख्या दिसणाऱ्या पडक्या भिंती. दोष त्यांचा नाही. इटलीत नेपल्सजवळ, इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं, सुमारे 66 हेक्टरांवर पसरलेलं हे रोमन शहर आहे, त्याचा दोन-तृतीयांश भाग उकरलेला आहे आणि माहितीच्या पाट्या मात्र मोजक्याच. सोबत जाणता गाईड असला, तर त्याच भिंतीतला कुठला भाग उद्रेकापूर्वीच्या मोठ्या भूकंपाआधीचा आणि कुठला नंतरच्या डागडुजीचा, हे आपल्या डोळ्यांनाही दिसायला लागतं.

म्हणून या लेखाचा भर एकाच गोष्टीवर आहे. गाईड काहीही सांगो, त्याला मोकळेपणाने विचारा, "हे कशावरून?" चांगल्या गाईडला हा प्रश्न आवडतो, कारण त्याच्या उत्तरातच खरं पुरातत्त्व असतं.

आधी गाईड ठरवा, मग तारीख

युरोपच्या ठरावीक सहलींमध्ये पॉम्पेई बहुतेक वेळा सोरेंतोच्या वाटेवरचा दोन तासांचा थांबा असतो. तेवढाच वेळ हाताशी असेल तर जरूर जा, पण इटलीत स्वतंत्र फिरणार असाल तर हा एक अख्खा दिवस बाजूला काढा. मार्गदर्शित फेऱ्या साधारण तीन प्रकारच्या मिळतात. पहिली मोठ्या गटाची, झेंडीमागून चालायची. दुसरी दहा-पंधरा जणांच्या लहान गटाची. तिसरी फक्त तुमच्या कुटुंबासाठी ठरवलेली खासगी. चार-पाच जण एकत्र असाल तर खासगी गाईडचा खर्च वाटून घेता येतो. माझं मत विचाराल तर जेवणावर किंवा हॉटेलवर थोडं कमी खर्च करा आणि तो पैसा इथे घाला.

बुकिंग करताना दोन गोष्टी बघा. गाईड परवानाधारक हवा, आणि त्याचं शिक्षण किंवा काम पुरातत्त्वाशी जोडलेलं असलं तर उत्तम. "पुरातत्त्वज्ञासोबत फेरी" अशी जाहिरात पुष्कळ जण करतात, त्यामुळे आरक्षणापूर्वी गाईडची पार्श्वभूमी सरळ विचारून घ्या. स्टेशनबाहेर गळ्यात ओळखपत्र अडकवून "अधिकृत माहिती इथे मिळेल" म्हणत पुढे येणाऱ्यांच्या नादी ऐनवेळी लागू नका.

महिने म्हणाल तर एप्रिल, मे, सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये आत सावली जवळजवळ नसते आणि काळ्या लाव्हाच्या फरशा तापतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो, पण गर्दी एवढी होते की गाईडचं बोलणं ऐकू येणं मुश्कील. तो दिवस टाळलेलाच बरा.

तिकीट आणि रेल्वे

2024 च्या नोव्हेंबरपासून इथे रोज जास्तीत जास्त 20,000 लोकांनाच आत सोडतात आणि तिकिटावर नाव असतं. त्यामुळे तिकीट अधिकृत संकेतस्थळावरून आधीच काढा आणि पासपोर्ट जवळ ठेवा. एका तिकिटात फक्त शहर बघता येतं, दुसऱ्या महागड्या तिकिटात तटाबाहेरचे व्हिलाही येतात. 'व्हिला ऑफ द मिस्ट्रीज'मधली लाल भिंतींवरची चित्रं बघायची असतील तर दुसरंच घ्या. गाईडच्या शुल्कात तिकीट धरलेलं आहे की नाही, हेही स्पष्ट विचारा. ते बऱ्याचदा धरलेलं नसतं.

नेपल्सच्या गारीबाल्दी स्थानकातून सोरेंतोकडे जाणारी चिर्कुमव्हेसुव्हियाना ही लोकल धरा आणि 'पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी' या स्थानकावर उतरा. सुमारे चाळीस मिनिटं लागतात. पॉम्पेई नाव असलेली दुसरीही स्थानकं आहेत, ती आजच्या गावात आहेत, तेव्हा पूर्ण नाव वाचूनच उतरा. गाडीत गर्दी असते. पाकीट आणि फोन पुढच्या खिशात ठेवा.

निघण्याआधीचा थोडा अभ्यास

अख्खा रोमन इतिहास वाचायची गरज नाही. तीन गोष्टी मनात पक्क्या असल्या की गाईडचं निम्मं बोलणं आपोआप जागेवर बसतं.

पहिली म्हणजे इ.स. 62 च्या सुमारास इथे मोठा भूकंप झाला होता. पुढे व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा शहरात दुरुस्तीची कामं अजून चालूच होती. दुसरी, इ.स. 79 चा उद्रेक दोन टप्प्यांत झाला. आधी कित्येक तास हलक्या सच्छिद्र दगडांचा पाऊस पडला, त्याच्या भाराने छपरं कोसळली. मग तापलेल्या वायूचे आणि राखेचे लोट डोंगरावरून खाली आले. जीव घेतले ते मुख्यतः या लोटांनी. तिसरी गोष्ट तारखेची. पुस्तकांत वर्षानुवर्षं 24 ऑगस्ट छापलं जात होतं. 2018 मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली, तिच्यातला दिवस आपल्या हिशेबाने 17 ऑक्टोबर येतो. कोळशाचं लिखाण फार दिवस टिकत नाही, त्यामुळे ते त्याच वर्षाचं असावं आणि उद्रेक त्यानंतर झाला असावा, असं आता बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. तुमच्या गाईडचं मत काय आहे ते विचारा.

काय घालावं, काय न्यावं

बूट जाड तळव्याचे हवेत. चपला, फ्लोटर्स नकोत. रस्त्यांवरचे दगड मोठे, गुळगुळीत आणि उंचसखल आहेत, त्यामुळे घोटा मुरगळायला क्षणही पुरतो. टोपी, उन्हाची क्रीम आणि पाण्याची रिकामी बाटली घ्या. आतल्या काही प्राचीन कारंज्यांना आज पिण्याच्या पाण्याचे नळ बसवलेले आहेत, तिथे बाटली भरता येते. 30 बाय 30 बाय 15 सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, ती प्रवेशद्वाराशी ठेवायची सोय आहे. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर गाईडला आधीच सांगा. पायऱ्या आणि ओबडधोबड दगड टाळणारा तीन किलोमीटरहून लांब असा एक सोपा मार्ग तिथे मुद्दाम तयार केलेला आहे.

आत गेल्यावर कुठून सुरुवात करावी

गाईडबरोबरचे तीन तास पुरे. त्याहून जास्त वेळ डोकं साथ देत नाही. सकाळी नऊला फाटक उघडताच आत शिरा. पोर्ता मरीना या वेशीने आत, मग फोरम म्हणजे शहराचा मुख्य चौक, फोरमजवळची स्नानगृहं, फॉनचं घर, एखादी बेकरी, स्ताबियन स्नानगृहं, नाट्यगृहं आणि शेवटी अॅम्फिथिएटर म्हणजे ग्लॅडिएटरांच्या झुंजींचा गोलाकार आखाडा, असा साधारण क्रम चढउताराच्या दृष्टीने सोयीचा पडतो. घरं आळीपाळीने उघडी-बंद असतात, त्यामुळे अमुक घर बघायचंच असा हट्ट धरू नका. वेश्यागृहापुढे कायम रांग असते, आत जागा अरुंद आहे. तिथे जाणारी वीस मिनिटं बेकरीला दिलीत तर जास्त काही शिकाल.

बेकरीच्या अंगणात लाव्हाच्या दगडाची डमरूच्या आकाराची जाती उभी दिसतात. वरच्या भागाच्या बाजूला चौकोनी भोकं आहेत, त्यांत लाकडी दांडे बसवून गाढवाकडून जातं फिरवून घेत. आता खाली बघा. जात्यांभोवती रस्त्यासारखी दगडी फरसबंदी आहे, कारण जनावरं दिवसभर गोल फिरली तर साधी जमीन उखडून गेली असती. मग रस्त्याकडच्या बाजूला विक्रीचा कट्टा आहे का ते शोधा. पोपिडियस प्रिस्कसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेकरीत चार जाती आणि मोठी भट्टी आहे, पण कट्टा नाही. म्हणजे इथला पाव बहुधा घाऊक जात असावा किंवा फेरीवाले तो घेऊन फिरत असावेत. हा तर्क तुम्हाला जागेवर उभं राहून स्वतः करता येतो, आणि फेरीतला खरा आनंद हाच आहे.

रस्त्यावरही असंच थांबा. पदपथ उंच आहेत आणि ओलांडायला मध्ये मोठे दगड ठेवलेले आहेत. पावसाचं आणि सांडपाणी रस्त्यावरूनच वाहायचं, म्हणून ही सोय. दोन दगडांमधल्या फटींतून गाडीची चाकं जात. त्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या काही ठिकाणी वितीएवढ्या खोल आहेत. चौकातल्या कडेच्या दगडांवर घासल्याच्या खुणा कुठल्या बाजूला आहेत, हे तपासून काही रस्त्यांवर एकेरी वाहतूक होती असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला आहे. गाईडला अशी एखादी खूण दाखवायला सांगा.

सार्वजनिक कारंज्याजवळ गेलात तर तोटीशेजारचा काठ निरखा. तो एका-दोन ठिकाणी खोलगट झिजलेला असतो. पाणी घेताना माणसं त्याच जागी हात टेकून वाकत होती. दुकानांच्या उंबऱ्यांवर लांब खाच दिसेल, तिच्यात लाकडी फळ्या एकामागून एक सरकवून दुकान बंद करत. भिंत बघताना विटांचे पट्टे आणि ओबडधोबड दगड कुठे सांधलेत ते शोधा आणि गाईडला विचारा, यातलं भूकंपानंतरचं कुठलं?

फोरमजवळच्या स्नानगृहात गरम खोलीचं छत मान वर करून बघा. कमानीवर उभ्या पन्हळ्या कोरल्या आहेत. वाफेचं पाणी झालं की थेंब अंघोळ करणाऱ्याच्या अंगावर न पडता पन्हळीतून भिंतीकडे ओघळत. स्ताबियन स्नानगृहात जमिनीखालचे विटांचे खांब उघडे दिसतात, त्यांच्यामधून भट्टीची गरम हवा खेळायची.

फॉनच्या घराच्या उंबऱ्यावर पाहुण्यांचं स्वागत करणारा शब्द मोझेकमध्ये, म्हणजे रंगीत दगडांचे बारीक तुकडे जडवून, केलेला आहे. आतलं अलेक्झांडर आणि इराणचा राजा दरायस यांच्या लढाईचं मोझेक मात्र नक्कल आहे, अस्सल नेपल्सच्या संग्रहालयात हलवलेलं आहे. शेवटचं अॅम्फिथिएटर इ.स.पू. 70 च्या सुमाराचं, म्हणजे आजवर टिकलेल्या दगडी अॅम्फिथिएटरांत सगळ्यांत जुनं. इ.स. 59 मध्ये इथे पॉम्पेई आणि शेजारच्या नुसेरियाच्या लोकांत दंगल पेटली आणि असे खेळ भरवायला दहा वर्षांची बंदी आली. ती दंगल दाखवणारं भिंतीवरचं चित्र पॉम्पेईतच सापडलं, तेही आता नेपल्सला आहे.

मृतांच्या साच्यांसमोर

इथे गाईडला घाई करू देऊ नका. राखेत गाडलेल्या देहांचं मांस कुजून गेलं आणि घट्ट झालेल्या राखेत पोकळी उरली. इथलं उत्खनन पाहणारे पुरातत्त्वज्ञ जुझेप्पे फिओरेल्ली यांनी 1863 मध्ये अशा पोकळ्यांत प्लास्टर ओतून आकार मिळवायला सुरुवात केली. म्हणजे आपल्यासमोर असतो तो प्लास्टरचा आकार आणि त्याच्या आत माणसाची खरी हाडं. म्हणून त्यांच्याशेजारी उभं राहून सेल्फी काढू नये, मुलांनाही हे आधीच समजावून न्यावं.

'सोन्याच्या कड्याच्या घरा'तली एक प्रौढ व्यक्ती आणि मूल ही आई-लेकराची जोडी मानली जायची. 2024 मध्ये डीएनए तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा ती प्रौढ व्यक्ती पुरुष निघाली आणि मुलाशी तिचं रक्ताचं नातं आढळलं नाही. एखाद्या गाईडने अजून आई-लेकराचीच गोष्ट रंगवून सांगितली, तर नम्रपणे विचारा, "हे कशावरून?"

भिंतींना, चित्रांना हात लावू नका, दोरी ओलांडू नका आणि खडा, मोझेकचा तुकडा, काहीही उचलू नका. तो गुन्हा आहे.

गाईड गेल्यावर

फेरी संपली की लगेच बाहेर पडू नका. सावलीत बसून डबा किंवा फळं खा, मग नकाशा घेऊन एकट्याने, दुसऱ्याच रस्त्यावर जा आणि सकाळी शिकलेल्या खुणा स्वतः शोधा. वेट्टींचं घर दीर्घ जतनकामानंतर 2023 मध्ये पुन्हा उघडलं आहे, ते चुकवू नका. पाचव्या विभागातलं खानावळीचं रंगवलेलं काउंटरही बघा. त्याच्या रांजणांत बदक, डुक्कर, बोकड, मासे आणि गोगलगायी यांचे अवशेष मिळाले आहेत. कुठे ताजं उत्खनन चालू दिसलं तर थोडं थांबा. शहराचा एक-तृतीयांश भाग पुढच्या पिढ्यांच्या चांगल्या तंत्रांसाठी मुद्दाम राखेखाली ठेवलेला आहे.

दुसरा दिवस नेपल्सच्या संग्रहालयाला

पॉम्पेईतल्या उत्तम वस्तू नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. जळून कोळसा झालेले, आठ भागांत आखलेले पाव तिथेच बघायला मिळतात. मराठी माणसाने तिथे 'गुप्त दालना'त जरूर जावं. सुमारे 24 सेंटिमीटर उंचीची, दागिन्यांनी मढलेली हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती तिथे आहे. 1938 मध्ये ती पॉम्पेईच्या एका घरात सापडली आणि 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणून प्रसिद्ध झाली, जरी आज अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. तिच्या जवळच्या शैलीतल्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाल्या आहेत, त्यामुळे ती सातवाहनांच्या मुलखातून समुद्रमार्गे गेली असावी, असं एक मत आहे. उलट दिशेने आलेला माल बघायचा तर कोल्हापूर गाठा. ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात मिळालेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

नेपल्सचं संग्रहालय मंगळवारी बंद असतं. त्यामुळे पॉम्पेईसाठी सोमवार सोडून दुसरा कुठलाही दिवस धरा, म्हणजे संग्रहालय दुसऱ्या दिवशी उघडं मिळेल. तिकीट काढतानाच गुप्त दालन आणि अलेक्झांडरचं मोझेक त्या दिवशी बघता येणार आहे का, तेवढं विचारून घ्या.